फक्कीचे चौकोन

१२ फेब्रुवारी १९८३, येळनूर

"हे टेकाड कुणाचं हाय?" असं पार्वतीबाईनं आज मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. हे फक्त इथे लिहिते, दुसऱ्या कुणापुढे कबूल करणार नाही.

आधी मी "सरकारचं" म्हणाले. म्हातारी हसली. "सरकार कदी आलतं हितं?" मग मी सांगितलं, दोन हजार वर्षांमागे इथे बौद्ध भिक्खूंचा विहार होता, स्तूप होता, त्यांचं हे. "मंग गेले कुठं ते?" तेही मला माहीत नाही. ती शेळ्या हाकत निघून गेली आणि मी दिवसभर चिडून होते.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष झालेलं नाही. नव्या जिल्ह्यातल्या जुन्या जागांची पाहणी निघाली. उदगीरला मला इतिहास शिकवणारे रेणुकादास सर तिचे मानद प्रमुख झाले आणि त्यांनी माझं नाव घातलं. माझ्याच गावात हंगामी सहायक. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अप्पा दुकानात तेल मापता मापता गिऱ्हाइकाला सांगतात, "आमची रुद्राणी खात्यात हाय." कुठल्या खात्यात विचारलं की म्हणतात, "विटांच्या."

विटाच आहेत म्हणा. हातभर लांबीच्या, जाड, वाजवली की खणखणणाऱ्या. टेकाडावर आता कमी आणि गावात जास्त. देवळाच्या पायऱ्यांत, पाटलांच्या गोठ्यात, शाळेच्या जोत्यात. आमच्या न्हाणीतसुद्धा! लहानपणापासून त्यांच्यावर उभी राहून मी अंग धुतलं आणि त्या स्तूपाच्या आहेत हे आज कळलं. अव्वाला सांगितलं तर म्हणाली, "मग काय, उकडून खाऊ?"

दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू माझ्या गावानं दोन पिढ्यांत संपवत आणली. राग येतो. फार येतो.

२१ फेब्रुवारी

सरांची पद्धत अशी, की आधी सगळ्या जागेवर सारख्या मापाचे चौकोन पाडायचे. मग कोणती वस्तू कोणत्या चौकोनात मिळाली ते पक्कं सांगता येतं. मी खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती. सकाळी गेले तर खुंट्या कुणाच्या तरी चुलीत आणि सुतळी कुणाच्या तरी बाजेत. काय लोक आहेत!

गावाच्या वरच्या अंगाला दुष्काळी काम म्हणून तलाव बांधणं चालू आहे. तिथल्या मुकादमाकडून चुन्याची फक्की मागून आणली आणि अख्खं टेकाड आखून काढलं. चोरा म्हणावं आता चुना! लांबून पाहिलं तर टेकाडावर पांढरे चौकोन कसे लख्ख दिसतात.

तलावावरून परतणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. त्यांत सिंधू होती. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती, मग लग्न झालं. गावातच दिली, पार्वतीबाईची सून. "सरकारी आखणी हाय का?" तिनं विचारलं.

"हो, सरकारी."

"सारखेच हायत का समदे? ल्हान-मोटं न्हाई?"

"इंच इकडे-तिकडे नाही," मी म्हणाले. कुणीतरी आस्थेनं विचारलं म्हणून बरं वाटलं. ती लगेच पुढे पळत जाऊन बाकीच्या बायांना सांगत होती. शिक्षणाची आवड माणसात राहतेच.

२ मार्च

पावलं मिळाली!

मधल्या उंचवट्यापाशी माती खरवडताना पांढरट दगड लागला. हातानं माती काढत गेले. दोन पावलं, माणसाच्या पावलांपेक्षा मोठी, तळव्यांवर चक्र कोरलेलं, बोटं इतकी नाजूक की दगड मऊ वाटावा. बुद्धाची मूर्ती घडवायची रीत पडण्याच्या आधी लोक नुसती पावलं कोरत. म्हणजे हे किती जुनं! मी तिथेच रडले. कुणी नव्हतं, फक्त पार्वतीबाई.

"पाय हायत की," ती म्हणाली. "कुणाचे?"

"बुद्धाचे."

ती एकदम खाली बसली. काठी बाजूला ठेवली. पदरानं दगड पुसला. मग म्हणाली, "आन् वरचा कुठं गेला?"

"वरचा नव्हताच. नुसती पावलंच करायचे."

"हाव," ती म्हणाली, "चालून चालून लई दमला आसंल. पायच ठिवले आन् गेला."

सरांना कळवायला उद्या उदगीरला जाते. विरूपाक्ष मामांकडे, अव्वाच्या भावाकडे, उतरेन. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याच घरी काढली. ते नसते तर मी आज भाकऱ्या थापत असते.

६ मार्च

मामा त्यांच्या जीपमधून मला सोडायला आले आणि खास वाट वाकडी करून पावलं पाहिली. मोंढ्यातला एवढा मोठा आडत्या, पण उन्हात गुडघे टेकून बघत होते. आमच्या गावातल्या एकानं तरी असं पाहिलं का?

"हे लई मोलाचं म्हणायचं का, रुद्रा?"

मी सगळं सांगितलं. असं शिल्प आपल्या भागात दुसरं नाही, परदेशातल्या संग्रहालयांत असल्या दगडांना काचेच्या पेट्या आहेत.

"वजन किती भरंल?" मामांनी विचारलं.

मी हसले. व्यापारी माणूस, त्यांना सगळ्याचं वजनच सुचणार. चार गड्यांना उचलेल, म्हणाले मी.

सर म्हणतात, एप्रिल संपेपर्यंत हलवायची सोय होणार नाही, तोवर जागेवरच ठेवा. मामा म्हणाले, "काळजी करू नको. माझी मानसं ताडपत्री टाकून जातील."

११ मार्च

आत्ताच टेकाडावरून आले आहे.

बौद्धवाड्यातली माणसं टेकाडावर येऊन बसली आहेत, सिंधू आणि पार्वतीबाईसुद्धा. सगळी. पऱ्हाट्यांची कुडं उभी केली, गोणपाटं टाकली, चुली मांडल्या. माझ्या विटांच्या चुली! आणि अशी बसलीत की एका चौकोनात एक घर, पलीकडच्या चौकोनात दुसरं. रेषेच्या बाहेर कुणाची चूल नाही, कुणाची शेळी नाही. सरकारी शाळेतसुद्धा मुलं इतक्या शिस्तीत बसत नाहीत. अतिक्रमण करायला एवढी शिस्त कुठून आली?

त्यांची अडचण मला ठाऊक आहे. त्यांचा वाडा नव्या तलावाच्या पोटात जातोय, घरं पाडून दगड बांधाला लावायला सुरुवातही झाली. प्लॉट देऊ म्हणून तलाठी वर्षभर सांगतो आहे. पण म्हणून काय इथे यायचं? माळरान कमी आहे का?

सिंधू चौकोनाच्या कडेनं दगड लावत होती. मी ओरडले, "उठा इथून! ही राहायची जागा नाही."

"आखून दिल्यावर राहायचं न्हाई तर काय करायचं?"

"कुणी आखून दिलं? तलाठ्यानं?"

ती माझ्याकडे बघून हसली. हे उद्धट हसणं मी शाळेपासून ओळखते. गुरुजी आम्हाला पुढे आणि तिला दाराशी बसवत, तेव्हाही ती असंच हसायची.

मी म्हणाले, "सिंधू, हा तुझ्याच बुद्धाचा स्तूप आहे. तुला तरी लाज वाटायला पाहिजे."

"तुमाला आमचा बुद्ध चालतो, रुद्राणीबाई," ती म्हणाली. "आमी तेवडे चालत न्हाई."

शाळेत ती मला नुसतं रुद्रा म्हणायची.

१२ मार्च

तहसीलात अर्ज दिला. मामा बरोबर होते. साहेबांशी त्यांची ओळख आहे, शब्द टाकतो म्हणाले. मला इतका आधार वाटला.

२९ मार्च

पार्वतीबाईनं हद्द केली. मामांची माणसं बिचारी ताडपत्री, दोरखंड, पहारी असं सगळं घेऊन दगड झाकायला आली, तर हिनं काठी उगारून हाकलून दिलं. एकाच्या खांद्यावर काठी बसलीसुद्धा. मी जाऊन विचारलं तर म्हणते, "झाकायला पहार कशाला लागती गं?"

अडाणीपणाला उत्तर नसतं. मामांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे पोरी, ते लोक उठले की मंग बघू."

आता म्हातारी दगडाच्या उशाशीच अंथरूण टाकते. मला दगडाचा कागदावर ठसा घ्यायचा असला तरी आधी हात धुवायला लावते. मला! पाहणी माझी, शोध माझा, आणि परवानगी हिची!

१४ एप्रिल

जयंती त्यांनी टेकाडावर केली. निळे झेंडे, गाणी, पावलांपुढे मेणबत्त्या. मेण दगडावर ओघळलंय. चक्राच्या एका आऱ्यात थेंब जाऊन बसलाय, तो काढताना दगडाचा पापुद्रा निघेल याची कुणाला पर्वा नाही. प्यायला पाणी नाही, टँकर आठवड्यात एकदा, आणि गाणी चालू!

सिंधूनं मला बोलावून खीर दिली. टँकरच्या पाण्याची, गूळ घातलेली. मी उभ्या उभ्या खाल्ली. गोड होती. म्हणून आणखी राग आला.

तहसीलात पुन्हा जाऊन आले. आजचा अर्ज पहिल्यापेक्षा कडक लिहिला.

३ मे

झालं. सकाळी तहसीलाची जीप आली, पोलीस आले, कुडं उपसली. मी बाजूला उभी होते. आनंद होईल असं वाटलं होतं.

कुणी मारामारी केली नाही. साहेबांनी म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं पार्वतीबाईला सांगितलं, "आजी, ही जागा खात्याची आहे." तिनं पावलांवर डोकं टेकलं, बोचकं उचललं आणि चालायला लागली. पण चालायचं कुठे? जुना वाडा तर पाडलेला. सगळी शाळेमागच्या लिंबाखाली जाऊन बसली.

सिंधू शेवटी निघाली. डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल. माझ्यापाशी थांबली. या वेळी हसली नाही.

"आता तरी सांग, रुद्रा. रागावत न्हाई मी. तू फक्की मारली, सरकारी हाय म्हनलीस, समदे सारखे म्हनलीस. मंग ते कशापायी आखलतंस?"

मी सांगायला तोंड उघडलं. वस्तू कोणत्या चौकोनात मिळाली ते पक्कं सांगता यावं म्हणून, एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यात पायाखालची पांढरी रेघ दिसली.

तलाठी प्लॉट आखतो तेव्हा फक्कीच मारतो. लातूरला नव्या वसाहतीचे चौकोन मी बसमधून पाहिलेत. पांढरे. सारखे.

४ मे

माझे चौकोन. सरकारी आखणी, हो, सरकारी. इंच इकडे-तिकडे नाही.

ते माझ्या सांगण्यावरून आले आणि माझ्या अर्जावर उठले. मला त्यांच्या शिस्तीचं नवल वाटलं होतं! जवळजवळ दोन महिने मी त्यांच्यावर ओरडत होते आणि त्यांतल्या एकानंही मला म्हटलं नाही की बाई, वेड लागलं का. सिंधूनं म्हटलं होतं, पहिल्याच दिवशी. मला ते उद्धट वाटलं.

आज लिंबाखाली गेले नाही. तोंड नाही.

६ मे

पावलं नाहीत. जागेवर खड्डा आहे आणि खड्ड्याशेजारी पहारीचे घाव. टेकाड रिकामं होऊन जेमतेम तीन दिवस झाले.

मी पळत दुकानात गेले. "अप्पा, मामांची जीप पाहिजे, ठाण्यात जायचंय." अप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग तराजूकडे. म्हणाले, "जीप काल हितंच होती की. तुला म्हाईत न्हाई?"

७ मे, उदगीर

पावलं मामांच्या गोदामात आहेत, करडीच्या पोत्यांमागे, ताडपत्रीखाली. तीच ताडपत्री. झाकायला आणलेली. डाव्या पावलाच्या करंगळीपाशी नवा टवका उडाला आहे, आत दगड पिठासारखा पांढरा.

मामा गादीवर बसून बडीशेप चघळत होते. लपवलंसुद्धा नाही. "ये, रुद्रा. चहा सांगू?"

"मामा, हे काय आहे?"

"तुझ्याच कामाचं. तितं ऱ्हायलं आसतं तर त्या लोकांनी मेन ओतून वाट लावली आसती, तूच सांगत हुतीस. हैद्राबादचा एक मानूस हाय, जपनार, काचेत ठेवनार. तूच म्हनलीस ना, काचेत ठेवतात."

"तुम्ही माझ्या अर्जासाठी तहसीलात आलात, ते यासाठी?"

"आर्ज तू दिलास, पोरी. मी निस्ता संगट आलो."

हे खरं आहे. आज मामा एकही शब्द खोटा बोलले नाहीत. मामी चहा घेऊन आली, तिनं पाहिलं आणि कप तसेच परत नेले.

"घरची गोष्ट हाय," मामा म्हणाले. "आमच्या चन्नबसप्पाला तुला द्यायचं तुझ्या अव्वेच्या मनात हाय, मी काय न्हाई म्हनलो न्हाई. सून होनाऱ्या पोरीनं सासऱ्याच्या गोदामात हात घालू ने."

मी तिथून चालत ठाण्यात गेले. जमादारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाय चोरीला गेले म्हणता, बाई? मग चालत गेले नसतील कशावरून?" बाकीचे हसले. मी खुर्चीवरून उठले नाही. आरोपीचं नाव विचारलं तेव्हा पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. नातं विचारलं. मामा, म्हणाले मी. मग कुणी हसलं नाही.

१० मे

दगड ठाण्याच्या आवारात आणून ठेवलाय, मुद्देमाल म्हणून. खटला संपेपर्यंत तिथेच. मामा जामिनावर घरी.

अव्वा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, सरकवते.

रेणुकादास सर येऊन गेले. व्हरांड्यातच बसले. "नातेवाइकांचं प्रकरण पाहणीत यायला नको होतं. वर काय सांगू मी?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "पण अतिक्रमण हटवलंस, हे काम उत्तम."

"सर, आपल्या आखणीनं त्यांना तिथे आणलं."

"लोक अडाणी आहेत, त्याला पद्धत काय करणार?"

मार्चमध्ये हेच वाक्य मी म्हणाले असते. म्हणालेच होते. सरांना मी नमस्कार केला आणि आत आले. त्यांचा राग आला, आणि तोच राग माझ्यावरही.

१४ मे

लिंबाखाली गेले. सिंधूला सांगितलं चौकोन कशासाठी होते. तिनं पुरतं ऐकलं. म्हणाली, "म्हंजी वस्तूला जागा आखलती. मानसाला न्हाई."

"हो."

"बरं केलंस सांगितलं." मग मुलाच्या नाकाला पदर लावत म्हणाली, "पाऊस आला तर लिंब किती जनांना पुरंल, बघ जरा मोजून."

पार्वतीबाईनं एकच विचारलं. "पायाला लागलं का काय?"

मी टवक्याचं सांगितलं. ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

१९ मे

झालेलं तेवढं लिहिते.

काल पहाटे मुकादमाकडून पुन्हा फक्की आणली. टेकाडाच्या दक्षिणेला सपाट गायरान आहे. तिथे मी मार्चमध्येच खड्डा घेऊन पाहिलं होतं, कमरेइतकं खाली गेलं तरी मुरमाशिवाय काही नाही. तिथे चौकोन आखले. या वेळी रस्ता सोडला, पाण्याची टाकी बसेल एवढी जागा सोडली. मापं सिंधूनं धरली; दार कुठे येणार ते मला कळत नव्हतं, तिला कळत होतं. नकाशा काढून तहसीलात दिला, सरांना एक प्रत दिली, खाली माझी सही. नेमणूक जाणार. गेली असेलही.

सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "ही सरकारी आखणी नाही. माझी आहे. सरकार उठवायला आलं तर आधी मला उठवावं लागेल."

"तुला उठवायला काय लागतंय," सिंधू म्हणाली, "फुकलं की उडशील." बाया हसल्या. मीही हसले, किती दिवसांनी. मग गाठोडी उचलून सगळे चौकोनांत गेले.

स्तूपाच्या मधल्या उंचवट्याभोवती मी एक गोल आखला. पार्वतीबाई काठी टेकत आली. "आन् ह्यात कोन ऱ्हानार?"

"कुणी नाही. पावलं परत आली की तिथे ठेवायची."

"फक्की वाऱ्यानं जाईल." तिनं काठीनं रेघ मोडून दाखवली.

ते मलाही दिसत होतं. घरी आले. पहार घेतली आणि न्हाणीत शिरले. पहिली वीट निघेना. अव्वा दारात आली, कमरेवर हात. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिनं हंडा उचलून बाजूला ठेवला. दुकान तसंच उघडं टाकून अप्पा आले. माझ्या हातातून पहार घेतली आणि म्हणाले, "विटांचं खातं हाय, तर नीट काढ. अर्धी करू नको."

विटा डोक्यावर घेऊन मी आणि अप्पा गावातून गेलो. पाटलांच्या ओसरीवरची माणसं बघत होती. अप्पांनी मान खाली घातली नाही. पांढऱ्या रेघेवर मी एकेक वीट आडवी लावत गेले. गोल पुरा व्हायला आमच्या विटा कमी पडल्या. उरलेल्या जागेकडे तोंड करून, गायरानावरच्या सगळ्यात जवळच्या चौकोनात, पार्वतीबाईनं आपली चूल मांडली आहे.

आमच्या न्हाणीत आता नुसती माती आहे. आज सकाळी मी तिच्यावर उभी राहून तांब्याभर पाण्यानं अंग धुतलं आणि पाय चिखलानं भरले.